बाटलीकडून केगकडे (रेक्टर मॅडमची क्षमा मागून)

आधीच स्पष्ट करते. या लेखात जी बिअर आहे ती मी प्यायलेली नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी कायद्याने वय २१ लागतं, अमेरिकेतही २१, आणि मी आहे विशीची. त्यामुळे गेल्या मे महिन्यात मिशिगनला आतेभावाकडे गेले तेव्हा माझ्या वाट्याला चव आली नाही, आल्या त्या फक्त बाटल्या. रिकाम्या! पन्नासेक बाटल्या बेसिनपाशी उभं राहून ब्रशने घासल्या. तेव्हा रेक्टर मॅडम, काळजी नसावी. आणि मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही उगाच आशेने पुढे वाचू नका. ‘हॉस्टेलच्या रूममध्ये बिअर कशी करावी’ असला हा लेख नाही. तसं करणं आपल्याकडे गुन्हा आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. परवाना नसेल तर घरात दारू तयार करता येत नाही, मग ती पाच लिटर असो की पाच हजार.

मग लिहायचं कशाला? तर दादाच्या बेसमेंटमध्ये तीन आठवडे जे पाहिलं, ते मला आपल्या तीन वर्षांतल्या बऱ्याच प्रॅक्टिकल्सपेक्षा जास्त इंजिनीअरिंग वाटलं म्हणून. आपल्याकडे ‘दारू’ हा एकच शब्द आहे. त्यात हातभट्टीही आली, बिअरही आली, विषही आलं. तो उच्चारला की समोरच्याचे कान बंद होतात. आणि कान बंद झाले की त्यामागचं विज्ञानही बाहेरच राहतं.

तर प्रोसेस. बार्ली, म्हणजे आपला जव, भिजवून मोड आणायचे आणि वाळवायचे, की झालं माल्ट. नवशिके लोक माल्टचा तयार अर्क विकत आणतात. तो पाण्यात घालून तासभर उकळायचा, उकळताना हॉप्स नावाची फुलं टाकायची (कडवटपणा त्यांचा), भराभर थंड करायचं, झाकणाच्या बादलीत ओतायचं आणि यीस्ट सोडायचं. झाकणावर पाण्याची छोटी नळी असते, तिला एअरलॉक म्हणतात. गॅस बाहेर जातो, हवा आत येत नाही. एक-दोन दिवसांत ती बुडबुडायला लागते. मी कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे ‘किण्वन’ हा शब्द मला अलीकडेच कळला. आजी त्याला सरळ ‘आंबवणं’ म्हणते. इडलीचं पीठ, विरजण, नाचणीची आंबील हे सगळं त्याच घराण्यातलं. फरक एवढाच की आजी बोटाने आणि नाकाने मोजते, तर दादा हायड्रोमीटरने.

हा हायड्रोमीटर आपण फर्स्ट इयरला पाण्यात बुडवून रीडिंग कॉपी करून ठेवून दिला होता. आठवतंय? इथे तो पूर्ण धंद्याचा डोळा आहे. सुरुवातीला द्रवाची घनता पाण्याच्या १.०५० पट, आंबून झाल्यावर समजा १.०१२. साखर गेली, अल्कोहोल आलं, घनता उतरली. फरकाला १३१ ने गुणलं की साधारण ५ टक्के. पण अल्कोहोलच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच असतो, तो म्हणजे ‘उतरायची थांबली का?’ दोन-तीन दिवस सलग एकच रीडिंग आलं तरच आंबणं संपलं. एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणून संपलं असं समजायचं नाही. दादाने पहिल्या वर्षी बुडबुड्यांवर विश्वास ठेवला होता. त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

त्याआधी स्वच्छता. तिथे ‘क्लीन’ आणि ‘सॅनिटाइझ’ असे दोन वेगळे शब्द आहेत आणि दादा त्यावर लेक्चर देतो. आधी घासून मळ काढायचा, मग फॉस्फोरिक ॲसिडवाल्या द्रावणात बुडवून जंतू मारायचे. मळ असेल तर दुसऱ्या पायरीचा काही उपयोग नाही. उकळी थांबल्यानंतर द्रवाला जे जे लागणार ते सगळं या दोन पायऱ्यांतून जातं. नळी, चमचा, झाकण, हातसुद्धा. बिअर बनवणं म्हणजे नव्वद टक्के भांडी घासणं आहे, असं दादाची बायको म्हणते. वहिनी बोलते ते खरं आहे. मी घासली आहेत.

आता बाटली. आंबून झालेली बिअर सपक असते, तिच्यात फेस नसतो. तो आणायचा तर थोडी साखर परत घालायची, बाटलीत भरून पत्र्याचं बूच दाबायचं आणि दोन आठवडे साधारण २० अंशांवर ठेवायचं. उरलेलं यीस्ट ती साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि गॅसला पळायला जागा नसल्यामुळे तो द्रवातच विरघळतो. किती साखर? गणित सोपं आहे. ग्लुकोजच्या एका रेणूपासून कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू, म्हणजे १८० ग्रॅमला ८८ ग्रॅम. दादाची बॅच पाच गॅलनची, म्हणजे १९ लिटर. ‘अडीच व्हॉल्यूम’ गॅस हवा असेल (म्हणजे एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर गॅस विरघळलेला), तर आंबतानाचा जो गॅस आत उरला आहे तो वजा करून साधारण १२५ ग्रॅम ग्लुकोज लागतं. १२५ ग्रॅम १९ लिटरमध्ये! चहाच्या पातेल्यात आपण याहून बेफिकीरपणे साखर टाकतो.

आणि इथेच माझ्यातली इन्स्ट्रुमेंटेशनवाली जागी झाली. हे चक्क ओपन लूप आहे हो! तुम्ही इनपुट देता, बूच दाबता, आणि मग पुढे काहीच तुमच्या हातात नाही. आतला प्रेशर दिसत नाही, आणि दिसला तरी बदलता येत नाही. आधीच्या आंबण्यात साखर शिल्लक राहिली असेल तर ती या १२५ ग्रॅममध्ये मिळते. हायड्रोमीटरवरचा ०.००१ चा फरक म्हणजे ढोबळमानाने अर्धा व्हॉल्यूम जादा गॅस. ०.००४ शिल्लक असेल तर अडीचाचे साडेचार झाले. अडीच व्हॉल्यूमला २० अंशांवर बाटलीत सुमारे २८ पीएसआय असतात, साडेचारला ६० च्या आसपास. कारच्या टायरमध्ये ३०-३२ असतात, त्यावरून अंदाज करा. साध्या बिअरच्या बाटलीची काच एवढ्या दाबासाठी केलेली नसते. दादाच्या बेसमेंटमध्ये रात्री दोन वाजता पहिली फुटली, तिच्या तुकड्यांनी शेजारची फुटली. सकाळी भिंतीवरच्या लाकडी फळीत काच रुतलेली होती. तिथे कोणी उभं नव्हतं म्हणून ही विनोदी गोष्ट म्हणून सांगता येते. या प्रकाराला तिकडे ‘बॉटल बॉम्ब’ असंच नाव आहे.

तरीही माझं मत विचाराल तर सुरुवात बाटलीनेच करावी. खर्च कमी, सामान कमी, चार बाटल्या मित्राला देता येतात, आणि मुख्य म्हणजे बाटली माफ करत नाही. हायड्रोमीटर नीट वाचायची सवय तीच लावते. शिवाय बाटलीतलं यीस्ट आत राहिलेला ऑक्सिजनही बराचसा खाऊन टाकतं, तो फायदा वेगळाच. ज्याने पहिल्या दिवशी थेट केग आणला त्याला ही शिस्त कोण लावणार? रेग्युलेटर तर तुमच्या चुका मुकाट्याने पोटात घालतो.

केग म्हणजे काय? स्टेनलेस स्टीलचं उंच पिंप, तेच १९ लिटरचं. त्याचा इतिहास मला भारी आवडला. ही पिंपं मुळात बिअरची नाहीतच! अमेरिकेत हॉटेलांना सरबताचा अर्क पोचवायला पेप्सी आणि कोका-कोलावाले ती वापरत. कॉर्नेलियस कंपनीची म्हणून ‘कॉर्नी केग’. पेप्सीचे ते बॉल लॉक, कोकचे ते पिन लॉक, एकाचे जोड दुसऱ्याला बसत नाहीत. पुढे अर्क खोक्यातल्या प्लास्टिक पिशवीतून येऊ लागला आणि हजारो पिंपं भंगारात निघाली. घरी बिअर करणाऱ्यांनी ती उचलली, रबरी ओ-रिंगा बदलल्या (नाहीतर बिअरला जुन्या कोल्ड्रिंकचा वास येतो), आणि जुन्या फ्रिजला भोक पाडून नळ बसवला. जुगाड ही फक्त आपली मक्तेदारी आहे असं जे आपण अभिमानाने म्हणतो ना, ते जरा तपासून घ्यायला हवं.

पिंपाला दोन तोंडं. एक आखूड नळीचं, तिथून गॅस आत. दुसऱ्याची नळी तळापर्यंत, तिथून बिअर बाहेर. झाकणावर प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह. बाहेर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि त्यावर रेग्युलेटर. केग फ्रिजमध्ये ३ अंशांवर ठेवायचा, रेग्युलेटर ११-१२ पीएसआयला लावायचा आणि आठ-दहा दिवस विसरून जायचं. विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये सांगून ठेवलेलं बाकीचं करतो. ठरावीक तापमानाला, ठरावीक दाबाखाली, ठरावीकच गॅस विरघळणार, ना कमी ना जास्त. बरोब्बर अडीच व्हॉल्यूम. साखर मोजायला नको, काचेचा धोका नको. गॅस कमी वाटला तर स्क्रू थोडा आवळा. जास्त झाला तर रिलीफ व्हॉल्व्ह ओढा. बिअर ग्लासात गेली, केगमधला दाब उतरला, की रेग्युलेटरमधला डायफ्रॅम हलतो, व्हॉल्व्ह उघडतो, दाब परत जागेवर. क्लोज्ड लूप! वीज नाही, मायक्रोकंट्रोलर नाही, एक स्प्रिंग आणि एक पडदा. आणि चक्क ‘ड्रूप’सुद्धा दिसतो. नळ जोरात उघडला की काटा सेटपॉइंटच्या किंचित खाली बसतो. प्रपोर्शनल कंट्रोलरचा ऑफसेट मी फळ्यावर तीनदा काढला होता, पण डोळ्यांनी पाहिला तो दादाच्या फ्रिजमध्ये.

सिलिंडरची गंमत त्याहून मोठी. त्यावरचा मोठा गेज खोलीच्या तापमानाला ८०० पीएसआयच्या आसपास दाखवतो आणि महिनोन्‌महिने तिथेच राहतो. वाटतं, वापरला जातच नाही की काय! कारण आत द्रव आहे. जोवर द्रवाचा एक थेंब शिल्लक आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. घरातल्या एलपीजीसारखंच. किती उरला ते कळायचं तर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवावा लागतो. आणि काटा एकदा पडायला लागला की पडलाच. हेच सगळं नागपूरला मे महिन्यात केलं तर? कार्बन डायऑक्साइडचं क्रिटिकल तापमान ३१ अंश आहे. त्याच्या वर आत ना धड द्रव, ना धड गॅस. थर्मोच्या पेपरला हा प्रश्न का येत नाही?

केगची डोकेदुखी नाही असं नाही. एखादी ओ-रिंग किंचित जरी सुटली तरी रात्रीत सिलिंडर रिकामा. म्हणून प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी. नळाची नळी आखूड घेतली तर ग्लासभर नुसता फेस, कारण १२ पीएसआयचा दाब वाटेत घर्षणाने खर्च व्हायला हवा. दादाची आतून ३/१६ इंच व्यासाची नळी वेटोळं घालून ठेवलेली आहे. फ्लुइड मेकॅनिक्समधला हेड लॉस तिकडे दोष म्हणून नाही, तर मुद्दाम विकत घेतात! आणि बंद खोलीत सिलिंडर गळला तर माणूस गुदमरू शकतो, ही थट्टेची गोष्ट नाही. बेसमेंटला दोन खिडक्या आहेत आणि दादा त्या उघड्या ठेवतो. पण बाटल्या भरायला पूर्वी अख्खी संध्याकाळ जायची, आता एक पिंप धुतलं की झालं. माझ्या वाट्याला पन्नास बाटल्या आल्या त्या केवळ दादाला कोणाला तरी भेट द्यायची होती म्हणून.

आता मूळ मुद्द्याकडे येते. हा छंद अमेरिकेतही कायम कायदेशीर नव्हता. १९३३ मध्ये तिथली दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअर राहून गेली. ती मुभा मिळायला १९७८ साल उजाडलं. अध्यक्ष कार्टर यांनी सही केली. दर प्रौढ माणसामागे वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००, विकायची मात्र नाही. गाळलेल्या दारूला त्यात परवानगी नव्हती. तरी राज्यांचे कायदे वेगळे, अलाबामा आणि मिसिसिपी २०१३ मध्ये तयार झाली. ब्रिटनने लायसन्सची अट १९६३ मध्येच काढली होती. आणि यातून निघालं काय? केन ग्रॉसमन नावाचा कॅलिफोर्नियातला घरी बिअर करणारा मुलगा, त्याने डेअरीची जुनी टाकी-भांडी जमवून १९८० मध्ये सिएरा नेवाडाची पहिली बिअर काढली. आज ती तिथल्या मोठ्या ब्रुअरीजपैकी एक आहे. या छंदाची अमेरिकेतली संघटना १९७८ मध्ये ज्यांनी सुरू केली त्या चार्ली पपाझियन यांची डिग्री न्यूक्लिअर इंजिनीअरिंगची!

स्टाफरूममधल्या वाचकांसाठी आणखी थोडं. आपल्याला मॅथ्समध्ये जो स्टुडंट्स टी-टेस्ट आहे, तो १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होते. पीएच स्केल १९०९ मध्ये मांडणारे सोरेनसेन कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेचे. आणि ज्यांचं नाव आपण रोज एककात लिहितो ते जूल, त्यांच्या घरची ब्रुअरी होती. हे सगळे सिलॅबसमध्ये आहेत, फक्त त्यांच्या हातातलं पिंप काढून घेतलेलं आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘बाई, तुला गडचिरोली माहीत आहे का?’ माहीत आहे. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांनी, विशेषतः बायकांनी, भांडून मिळवलेली आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली, आणि त्यावर आजही दोन तट आहेत. दारूने मोडलेलं घर मीही जवळून पाहिलं आहे, आमच्याच वाड्यात. त्या बायकांपुढे उभं राहून ‘हा छंद आहे हो’ असं सांगायची माझी छाती नाही. जिथे बंदी त्यांनी मागून घेतली आहे तिथे ती राहावी. पण महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी बिअर बंद कुठे आहे? दुकानात मिळते, पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरीही आहे. म्हणजे विकत घेतली तर चालते, स्वतः मोजूनमापून २० लिटर केली तर गुन्हा. याचा अर्थ कायद्याला प्यायल्याचं एवढं दुःख नाही, महसूल चुकल्याचं आहे! विक्रीला पूर्ण मनाई, वर्षाचं ठरावीक माप, वय २१, गाळायला सक्त बंदी, अशा अटींवर घरगुती परवाना द्यायला काय हरकत आहे, हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

‘लोक विषबाधेने मरतील’ हे उत्तर मात्र नको. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, ती जव आंबवून नाही. त्यांच्या पिशव्यांमध्ये कारखान्यात वापरायचं मिथेनॉल होतं. बार्ली आंबवून माणूस मरेल इतकं मिथेनॉल तयार होत नाही. ही माणसं केमिस्ट्रीने मारली नाहीत, स्वस्त विष विकणाऱ्यांनी मारली. हा फरक आपण इंजिनीअरिंगवाल्यांनीही केला नाही तर कोण करणार?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर एक मागणी, आणि ती पूर्णपणे कायद्यात बसते. केगला आत काय आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. गेल्या गणपतीत दादाने तिथल्या महाराष्ट्र मंडळात केगमधून चक्क कोकम सोडा दिला. घरचं आगळ, साखर, जिरं, मीठ, थंड पाणी, ३ अंशांवर १८-२० पीएसआय. पोरांनी रांग लावली म्हणे. आपल्या टेक फेस्टला दरवर्षी लॅमिंग्टन रोडवरून तयार आणलेले तेच ते लाइन फॉलोअर रोबो मांडण्यापेक्षा डिपार्टमेंटने एक केग, एक रेग्युलेटर, दोन गेज आणि एक रिलीफ व्हॉल्व्ह घेऊन द्यावा. मेकॅनिकलवाल्यांनी जोड बसवायचे, केमिकलवाल्यांनी विरघळलेला गॅस टायट्रेशनने मोजायचा, आमच्या ब्रँचने दाबाचा ग्राफ काढायचा. वर्कशॉपमध्येच ठेवायचा, खिडक्या उघड्या टाकून. जुना फ्रिज गर्ल्स हॉस्टेलच्या मेसमागे दीड वर्ष पडून आहे, कॉम्प्रेसर चालू आहे, मी तपासला आहे. आगळ मी गावाहून आणते. साबणाच्या पाण्याची ड्यूटीसुद्धा माझ्याच नावावर लिहा, बाटल्या तेवढ्या दुसऱ्या कोणीतरी घासा.